अळवाखालचं पाणी

हातात आलं म्हणता म्हणता निसटणाऱ्या गोष्टीला आपण ‘अळवावरचं पाणी’ म्हणतो. थेंब पानावर पडतो, पाऱ्यासारखा घरंगळतो आणि कडेवरून खाली उतरतो. पान कोरडं ते कोरडंच. पानावर मेणाचा पातळ थर असतो, डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात, त्यामुळे थेंबाला तिथे पाय टेकायला जागा मिळत नाही. पण ज्या वाफ्यात हे अळू उभं असतं, त्यातलं पाणी नेमकं उलट वागतं. ते थांबतं, मुरतं, मुळांभोवती रेंगाळतं. आणि रेंगाळता रेंगाळता स्वच्छ होतं.

जुन्या घरांच्या मागच्या दारी असा वाफा हमखास असे. भांड्यांचं, आंघोळीचं, तांदूळ धुतल्याचं पाणी मोरीतून एका उतरत्या चराने परसात जाई. चराच्या तोंडाशी अळू, पुढे कर्दळ, त्याच्याही पुढे केळीचं बेट. तोंडाशी पाणी पांढुरकं, तेलाचा तवंग आलेलं. केळीपर्यंत पोचेतो ते दिसेनासं होई. डबकं नाही, वास नाही. हा बेत कुणा अभियंत्याने कागदावर आखलेला नव्हता. पाणी फुकट जाऊ नये आणि दारात चिखल होऊ नये, एवढाच घरातल्या बाईचा हिशेब. आज जगभर ‘बांधीव पाणथळ’ या नावाने जे तंत्र सांडपाण्यासाठी वापरलं जातं, त्याचं मूळ तत्त्व या वाफ्यात पुरतं सापडतं.

तरीही पाणथळ पाणी स्वच्छ करते म्हटलं की मन कचरतं. वाहतं पाणी निर्मळ आणि साचलेलं पाणी नासकं, हे आपल्याला लहानपणापासून पाठ असतं. यात खोटं काही नाही, पण ते अर्धंच खरं आहे. गटाराचं पाणी ओढ्यातून भरधाव वाहत गेलं म्हणून निर्मळ होत नाही. ते फक्त पुढच्या गावी जातं. आणि खड्ड्यात कोंडलं तर खरोखरच नासतं. घाण निवळायला पाण्याने वाहायला हवं, पण मुंगीच्या पावलांनी, आणि वाटेत त्या घाणीवर जगणारं कुणीतरी भेटायला हवं. पाणथळ या दोन्ही गोष्टी एकाच जागी जुळवून देते.

हरसूलचा उतार

हे कसं घडतं ते पाहायला हरसूलला जाऊ. हे नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातलं, गुजरातच्या सीमेकडचं बाजाराचं गाव. भोवती कोकणा, वारली, महादेव कोळी वस्तीचे पाडे. शेतात भात, नागली, वरई, खुरासणी. याच तालुक्यात ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी पूर्वेला बंगालच्या उपसागराची लांबची वाट धरते. हरसूलच्या बाजूचं पाणी मात्र दमणगंगेच्या खोऱ्यातून पश्चिमेला, अरबी समुद्राकडे धावतं. पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या आसपास, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. वर मातीचा पातळ थर, खाली काळा कातळ आणि उतार असा की पडलेलं पाणी ठरत नाही. म्हणून श्रावणात जो ओढा ओलांडता येत नाही, त्याच्याच कोरड्या पात्रात वैशाखात बायकांना झिरा उकरावा लागतो.

झिऱ्याकडे जरा जवळून पाहावं. वाळूत हात-दीड हाताचा खड्डा. पहिल्यांदा येतं ते पाणी गढूळ. ते वाटीने उपसून बाजूला टाकतात. मग थांबायचं. थोड्या वेळाने चारी बाजूंनी पाणी पाझरू लागतं, आणि ते नितळ असतं. ते वाटीवाटीने हंड्यात जातं. वाळूतून सावकाश आलेलं पाणी चांगलं असतं, हे इथे कुणाला शाळेत शिकवावं लागत नाही.

दुसरी गोष्ट भाताच्या खाचरांची. उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी बांधलेली खाचरं पावसाळ्यात भरतात. वरच्या खाचराचं पाणी बांधातल्या मोकळ्या तोंडातून खालच्यात, तिथून आणखी खालच्यात उतरतं. वरून येणारं तांबडं, मातकट पाणी चार खाचरं ओलांडेपर्यंत बरंच निवळलेलं असतं. पाणथळीचं याहून सोपं उदाहरण नाही. गंमत अशी की २०१७च्या केंद्रीय पाणथळ नियमांनी भातखाचरांना पाणथळीच्या व्याख्येतून वगळलं आहे, तर पाणथळी जपण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय रामसर करारातल्या देशांनी २००८मध्ये भातशेतीला पाणथळ परिसंस्था म्हणून मान देणारा ठराव केला. कायद्याला शेतकऱ्याच्या वहिवाटीत अडसर आणायचा नसतो, म्हणून त्याचं म्हणणं समजण्यासारखं आहे. पाण्याच्या दृष्टीने मात्र खाचर ही पाणथळच.

आवणीनंतर महिन्या-दीड महिन्याने एखादा भाताचा चूड मुळासकट हलकेच उपटून पाहावा. भोवतीचा चिखल काळपट करडा असतो, त्याला किंचित कुजक्या अंड्यासारखा वास येतो. त्यात प्राणवायू नाही, याची ती खूण. पण मुळं धुऊन पाहिली तर त्यांच्यावर तांबूस, गंजासारखा लेप दिसतो. तो खराच गंज असतो. चिखलात विरघळलेल्या लोहाला मुळाशी प्राणवायू भेटला आणि ते गंजलं. काळ्या, गुदमरलेल्या चिखलात हा प्राणवायू आला कुठून? तो पानांतून, देठातून खाली उतरला. भात, पाणकणीस, देवनळ, लव्हाळा, अळू या पाण्यात उभं राहणाऱ्या वनस्पतींच्या देठात हवेच्या पोकळ्या असतात. पाणकणसाचं पान आडवं कापलं तर मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसते. चिखलात श्वास घ्यायला त्यांनी ही नळी केलेली असते, आणि त्या नळीतून थोडीशी हवा मुळाबाहेर सांडते. पाणथळीतल्या स्वच्छतेचं निम्मं रहस्य या सांडलेल्या हवेत आहे.

मुळाशी कोण राहतं

‘झाडं घाण शोषून घेतात’ असं अनेकदा सांगितलं जातं. झाडं काही प्रमाणात शोषतातही, पण खरं काम करणारे दुसरेच असतात. ओढ्यातल्या दगडावर पाय ठेवला की घसरतो. त्या दगडावरचा बुळबुळीत थर म्हणजे जिवाणूंची वसाहत असते. पाणथळीत असा थर प्रत्येक खड्यावर, प्रत्येक मुळावर, बुडालेल्या प्रत्येक देठावर चढतो. झाड या वसाहतीला घर देतं, हवा देतं, मुळातून थोडी साखर पाझरवतं. घाण खातात ते जिवाणू.

सांडपाण्यातली अन्नकणांची, साबणाची, मैल्याची घाण जिवाणूंना अन्न म्हणून चालते. हे अन्न खाताना ते पाण्यातला प्राणवायू वापरतात. पाण्यातली घाण पचवायला किती प्राणवायू लागेल, यावरून तिचं माप काढतात. त्यालाच बीओडी म्हणतात. शहरी सांडपाण्यात हा आकडा लिटरला दोनशे मिलिग्रॅमच्या घरात असतो. आंघोळीयोग्य नदीसाठी तो ३ किंवा त्याहून कमी असावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. सांडपाणी थेट नदीत गेलं की जिवाणू ते नदीतच खाऊ लागतात, नदीचा प्राणवायू संपतो आणि मासे तडफडून वर येतात. पाणथळीत हीच मेजवानी नदीच्या अलीकडे, वेगळ्या अंगणात उरकली जाते.

घाणीतल्या प्रत्येक पदार्थाची वाट निराळी. जड कण तळाशी बसतात. नत्राला दोन खोल्यांतून जावं लागतं: मुळाजवळच्या हवेशीर भागात एक प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात, तिथून बोटभर अंतरावरच्या गुदमरलेल्या भागात दुसरे जिवाणू त्या नायट्रेटमधला प्राणवायू ओढून घेतात, आणि उरलेला नत्र वायू होऊन हवेत निघून जातो. हवेत तो ७८ टक्के आहेच. तिथे कुणाला अडचण नाही. हवेशीर आणि गुदमरलेली अशा दोन्ही जागा शेजारीशेजारी असणं, हेच पाणथळीचं वैशिष्ट्य. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात यासाठी वेगवेगळ्या टाक्या बांधून, पंख्यांनी किंवा पंपाने हवा घुसळावी लागते, आणि वीज गेली की सगळं ठप्प होतं.

स्फुरदाची गोष्ट मात्र अवघड. त्याला हवेत जाणारी वाट नाही. तो मातीतल्या लोहाला, चुन्याला चिकटून राहतो. तांबड्या, लोहयुक्त मातीत हे चांगलं जमतं. पण चिकटायच्या जागा भरल्या की तो पुढे निसटू लागतो. त्याला बाहेर काढायचं तर वाढलेली झाडं कापून वाफ्याबाहेर न्यावी लागतात. ही गोष्ट लक्षात ठेवू; पुढे तिच्याकडे परत यायचं आहे.

रोगजंतूंना मारायला पाणथळीकडे एकच ठोस हत्यार नाही, पण लहानसहान अनेक आहेत: ऊन, उपासमार, जंतूंवर जगणारे एकपेशीय जीव, आणि मुख्य म्हणजे वेळ. त्यांची संख्या पुष्कळ घटते, पण संपत नाही. पाणथळीतून आलेलं पाणी काचेसारखं दिसलं तरी ते झाडांना द्यावं, पिऊ नये.

सरोवरकाठच्या गवतापासून कोलकात्याच्या भेऱ्यांपर्यंत

हे सगळं प्रयोगशाळेत मांडून दाखवलं ते जर्मनीतल्या केटे झायडेल या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी. १९५०च्या दशकात प्लोन इथल्या माक्स प्लांक संस्थेत त्यांनी सरोवराकाठचं लव्हाळ्यासारखं गवत घाण पाण्यात लावून पाहिलं. घाणीत वनस्पती टिकायची नाही, हा तेव्हाच्या अभियंत्यांचा सूर होता. झायडेलबाईंचं गवत नुसतं टिकलं नाही, तर त्याने पाणी सुधारलं. पुढे राइनहोल्ड किकुथ यांनी हीच कल्पना मातीच्या वाफ्यात नेली आणि १९७४मध्ये ओथफ्रेझेन या जर्मन गावात तिचं प्रत्यक्ष रूप उभं राहिलं. मग युरोपातल्या हजारो खेड्यांनी ती उचलली.

आपल्याकडे नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीने, ‘फायटोरिड’ नावाची पद्धत विकसित केली. खडीच्या वाफ्यात निवडक पाणवनस्पती लावायच्या आणि सांडपाणी त्यांच्या मुळांमधून सावकाश न्यायचं, हे तिचं स्वरूप. मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलात ती वापरली गेली.

पण या विद्येचं सर्वांत मोठं जिवंत उदाहरण कुणी बांधलं नाही, ते पिढ्यानपिढ्या घडत गेलं. कोलकात्याचं सांडपाणी कालव्यांमधून शहराच्या पूर्वेला जातं आणि तिथल्या उथळ तळ्यांत, म्हणजे भेऱ्यांत, सोडलं जातं. उन्हात शेवाळ माजतं, ते प्राणवायू देतं, जिवाणू घाण खातात, शेवाळ आणि किडे मासे खातात, आणि मासे कोलकाता खातं. पश्चिम बंगाल सरकारमधले अभियंते ध्रुवज्योती घोष १९८०च्या सुमारास शहराचं सांडपाणी कुठे जातं याचा माग काढत तिथे पोचले. शुद्धीकरण केंद्र शोधायला गेलेल्या माणसाला मासेमार भेटले! पाणी किती खोल ठेवायचं, केव्हा सोडायचं, त्याचा रंग आणि वास काय सांगतो, हे सगळं त्या मासेमारांना ठाऊक होतं. घोष यांनी उरलेलं आयुष्य ही जागा वाचवण्यात घालवलं. सुमारे १२,५०० हेक्टरांच्या या पूर्व कोलकाता पाणथळी २००२मध्ये रामसर यादीत आल्या.

ताटात किती वाढायचं

घोष यांच्या गोष्टीने हुरूप येतो. त्या हुरुपाला लगाम घालणारं उदाहरण नाशिक जिल्ह्यातच आहे.

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो सिंचनासाठी बांधला गेला. बंधाऱ्याने नदीचा वेग मोडला, मागे गाळ बसत गेला, उथळ पाणी पसरलं, पाणकणीस आणि गवतं वाढली, आणि शेतीसाठी केलेल्या कामातून पक्ष्यांची नगरी उभी राहिली. १९८६मध्ये ते अभयारण्य झालं. २०१९च्या नोंदीने महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. हिवाळ्यात बदकं, चमचे, करकोचे पाहायला लोक चापडगावच्या बाजूला गर्दी करतात आणि त्याला ‘महाराष्ट्राचं भरतपूर’ म्हणतात.

पण गोदावरी इथे पोचते ती नाशिक शहर ओलांडून. वरून येणारा गाळ, खतांचा अंश आणि शहराच्या सांडपाण्याचा वाटा पाणथळीच्या ताटात पडतो. पाणथळ तो खायचा प्रयत्न करते. ताटात फार वाढलं की काय होतं, याचं उत्तर जलपर्णी देते. नाशिककर तिला पानवेली म्हणतात. मूळ दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती नत्र आणि स्फुरद अधाशासारखी ओढते, आणि मनासारखं अन्न मिळालं तर पंधरवड्यात दुप्पट होते. म्हणजे एका परीने ती पाणी साफच करत असते. पण तिला वेळेवर काढलं नाही तर तिची सतरंजी पाण्यावर अंथरली जाते, खाली ऊन पोचत नाही, हवा पोचत नाही. मग ती मरते, तळाशी जाऊन कुजते, आणि पाण्यातून घेतलेलं सगळं पाण्यालाच परत देते. एकच वनस्पती कापली तर औषध, सोडली तर विष.

म्हणून नैसर्गिक पाणथळीत शहराचं कच्चं सांडपाणी सोडणं हा उपाय नव्हे. ती पाणथळीची हत्या आहे. यजमानाच्या घरी जेवायला जाताना आपण आपली खरकटी भांडी धुवायला नेत नाही. सांडपाण्यासाठी वेगळी पाणथळ बांधायची, तिच्या मापाने तिला खायला घालायचं, आणि निवळलेलं पाणी नदीकडे जाऊ द्यायचं. एवढी शिस्त पाळली तर नांदूरमध्यमेश्वरसारख्या जागा पक्ष्यांसाठी मोकळ्या राहतील.

एका पाड्याचा हिशेब

आता पुन्हा हरसूलच्या बाजूला येऊ. डोक्यावर हंडा असतो तेव्हा पाड्यात सांडपाण्याचा प्रश्न नसतो; मैलभरावरून आणलेलं पाणी कुणी सांडत नाही. नळ येतो तेव्हा प्रश्न येतो. २०१९मध्ये जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाणी घरात देण्याचं उद्दिष्ट ठेवलं. घरात आलेल्या पाण्यापैकी साधारण दोन-तृतीयांश मोरीतून बाहेर पडतं. नळ दारात आणि गटार रस्त्यात, अशी अवस्था अनेक गावांची होते.

यावर नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीसारख्या गावांनी घरोघरी शोषखड्डे घेऊन गटारमुक्तीचा धडा घालून दिला. जिथे जमीन पाणी पिते तिथे याहून स्वस्त उपाय नाही. पण हातभर मातीखाली कातळ लागला की शोषखड्डा हौदासारखा भरून बसतो, आणि आषाढात तर जमिनीलाच पाणी नकोसं झालेलं असतं. अशा ठिकाणी पाणी जिरवण्यापेक्षा निवळवून पुढे सोडणं शहाणपणाचं.

एक ढोबळ हिशेब मांडून पाहू. चाळीस घरांचा पाडा, दोनशे माणसं. माणशी ५५ लिटर म्हणजे ११,००० लिटर. त्यातलं दोन-तृतीयांश, म्हणजे सुमारे ७,३०० लिटर रोज मोरीतून येणार. हे पाणी वाफ्यात तीन दिवस रेंगाळावं असं धरलं, तर २२,००० लिटर मावण्याइतकी जागा हवी. वाफा खडीने भरलेला. खडीच्या फटी साधारण ४० टक्के. म्हणजे खडीसकट ५५ घनमीटरचा वाफा. त्याची खोली अर्धा मीटर ठेवली तर क्षेत्र येतं ११० चौरस मीटर. गावाच्या भाषेत सांगायचं तर गुंठ्याला जरा वर जागा आणि वीसेक ब्रास खडी. दुरुस्तीच्या वेळी अर्धा वाफा बंद ठेवता यावा म्हणून दोन भाग करायचे आणि दोन गुंठे धरायचे. थंड युरोपात संडासासह सगळ्या सांडपाण्यासाठी माणशी सुमारे ५ चौरस मीटर धरतात. आपल्याकडे हवा उबदार, जिवाणू चपळ, आणि इथे प्रश्न फक्त मोरीच्या पाण्याचा. म्हणून एवढ्यात भागतं.

बांधणीत अवघड काही नाही, पण चुकायच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली तोंडाशी. भाताचे कण, तेल, राख, केस आणि प्लॅस्टिक थेट खडीत गेलं तर फटी बुजतात आणि पाणी वरून वाहू लागतं. म्हणून आधी जाळी आणि गाळटाकी हवी. दुसरी चूक पाण्याच्या पातळीची. पाणी खडीच्या पृष्ठभागाखाली बोटभर राहिलं पाहिजे. वर दिसलं की डास आलेच. तिसरी चूक तळाची. वाफ्याचा तळ चिकणमातीने किंवा जाड प्लॅस्टिकने बंद करायचा आणि झिरा, विहीर यांच्यापासून तो लांब, उताराच्या खालच्या अंगाला ठेवायचा. नाहीतर वैशाखात ज्या झिऱ्याचं पाणी प्यायचं त्यातच मोरी उतरायची.

पावसाची भीती सगळ्यांना वाटते. दोन हजार मिलिमीटर पाऊस ११० चौरस मीटरवर थेट पडला तर दोन लाख वीस हजार लिटर होतो, म्हणजे महिनाभराच्या सांडपाण्याएवढा. चार महिन्यांत विभागून आलेला एवढा पाऊस वाफा पेलतो. जे पेलवत नाही ते डोंगरावरून लोटत येणारं पाणी. त्याला वरच्या अंगाने चर काढून बाजूला वळवायचं, जसं खाचराला करतात तसंच. आणि उताराचं एक सुख असतं: पंप लागत नाही. घराकडून गाळटाकीत, तिथून वाफ्यात, वाफ्यातून खालच्या केळी-पपईत, सगळं आपल्या वजनाने उतरतं. वीज असो वा नसो, जिवाणूंचं काम चालू राहतं.

झाडं कुठली? कर्दळ, पाणकणीस, वाळा. तिन्ही ओळखीची. कर्दळ शोभेची, पाणकणीस ओढ्याकाठची, आणि वाळा उन्हाळ्यात माठात टाकायचा. तुकोबांनी महापुरात टिकणाऱ्या लव्हाळ्याला नम्रतेचं उदाहरण केलं. पाण्याच्या अभियंत्यांना त्याची चिवट मुळं अधिक उपयोगी वाटतात.

जे वाळ्याला जमत नाही

हरसूलच्या बाजूच्या या दमणगंगा खोऱ्याचं पाणी खाली मधुबन धरणातून, सिल्वासा, वापी ओलांडून दमणला समुद्राला मिळतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा वापी अंकलेश्वरच्या पाठोपाठ दुसरं होतं. रंग, रसायनं, जड धातू असलेलं असलं पाणी वाफ्यात सोडून ‘निसर्ग पाहून घेईल’ म्हणणं ही स्वतःची फसवणूक आहे. धातू जिवाणूंना पचत नाहीत. ते मुळांत, गाळात साचतात आणि पुढे तो गाळच विषारी कचरा होऊन बसतो. कारखान्याचं पाणी कारखान्याच्या आवारातच, त्या त्या रसायनाला साजेशा पद्धतीने शुद्ध झालं पाहिजे.

आणखीही अडचणी आहेत. दाट वस्तीच्या शहराला लागणारी एवढी मोकळी जागा कुठून आणायची? मोठ्या शहरात पाणथळीला सगळ्या सांडपाण्याचा भार घेता येत नाही. शुद्धीकरण केंद्रातून आलेल्या पाण्याला शेवटचा हात देणं, किंवा एखादं संकुल, एखादा नाला सांभाळणं तिला जमतं. शिवाय गुदमरलेल्या चिखलातून मिथेन निघतो, हेही लक्षात ठेवायला हवं. लहान वस्ती, मोकळा उतार, घरगुती सांडपाणी आणि बेभरवशाची वीज, ही पाणथळीची खरी कर्मभूमी. म्हणजे हरसूलसारखी जागा.

कार्तिकातला विळा

बांधीव पाणथळी बंद पडतात त्या बहुधा बांधणीमुळे नव्हे, विसरल्यामुळे. उद्घाटनाचा फलक लागतो, कर्दळ फुलते, फोटो निघतात. वर्षा-दोन वर्षांत गाळटाकी भरते, खडी बुजते, पाणकणीस पुरुषभर उंच होऊन आडवं पडतं आणि तिथेच कुजतं. स्फुरदाला बाहेरची वाट फक्त विळ्याची, हे आपण वर पाहिलं. विळा आला नाही तर लहान प्रमाणात नांदूरमध्यमेश्वरच्या जलपर्णीचीच गोष्ट पुन्हा घडते.

म्हणून दोन गुंठे जागा आणि वीस ब्रास खडी यांच्याआधी पाड्यात एक गोष्ट ठरायला हवी: दर पंधरवड्याला जाळी कोण साफ करणार, आणि पाऊस सरल्यावर कार्तिकात झाडं कोण कापणार? कापलेल्याचं काय होणार, हेही. भातकापणीच्याच हंगामात हे काम येतं, तेव्हा हात मोकळे नसतात. उपटलेल्या वाळ्याची मुळं बाजारात विकता आली, पाणकणीस आच्छादनाला किंवा खतात गेलं, तर माणूस आपणहून विळा घेऊन येतो. कोलकात्याच्या भेऱ्या इतकी वर्षं टिकल्या त्या त्यांतल्या माशांना गिऱ्हाईक होतं म्हणून.

परसातला अळवाचा वाफाही तसाच टिकला होता. घरातली बाई दर आठ-पंधरा दिवसांनी पानं कापून नेई. कधी फदफदं होई, कधी वड्या. तिला स्फुरदाचं गणित ठाऊक नव्हतं, तरी ती ते बिनचूक सोडवत होती. तेव्हा भांडी राखेने घासली जात आणि न्हाणं शिकेकाईने होई. आज मोरीतून डिटर्जंट आणि फिनेल येतं, म्हणून ते अळू ताटात घेण्याआधी विचार करावा लागतो. पानं खतात गेलेली बरी. पण कापावी लागतातच. पानावरचं पाणी आपोआप ओघळून जातं. पानाखालचं पाणी स्वच्छ राहायला मात्र कुणालातरी अधूनमधून वाफ्यात वाकावं लागतं.